‘नटरंग’: खटपट्या माणसाच्या स्वप्नाचा खर्च कोण भरतं?

पेट किंवा सेट पास झालेली मुलं सिनॉप्सिससाठी विषय शोधत असतात, तेव्हा एक शीर्षक हमखास कानावर येतं: ‘मराठी चित्रपटातील तमाशाचे चित्रण: एक अभ्यास’. शीर्षक वाईट नाही, पण त्यात प्रश्न कुठं आहे? ‘चित्रण’ तर असणारच. चित्रपटात दुसरं काय असतं? गाइडनं ‘बरं, मग तुला म्हणायचंय काय?’ असं विचारलं की समोरचा गप्प होतो आणि मग आवडत्या गाण्यांची नावं सांगायला लागतो.

म्हणून आज एकच चित्रपट घेऊ, बहुतेकांनी पाहिलेला आणि आवडलेला. रवी जाधव यांचा ‘नटरंग’. तो आवडणं आणि त्याच्याबद्दल प्रश्न पडणं यांत जे अंतर आहे, ते कसं चालायचं ते बघू. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गोष्ट थोडक्यात

‘नटरंग’ १ जानेवारी २०१० ला प्रदर्शित झाला. आनंद यादव यांच्या याच नावाच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. यादव स्वतः कागलचे, आणि गोष्टही कागलच्याच मातीतली. काळ १९७० च्या दशकातला. गुणा (अतुल कुलकर्णी) हा शेतावर रोजंदारी करणारा, पैलवानी अंगाचा गडी. डोक्यात सतत तमाशा. मालकाच्या विहिरीवर पंप बसतो आणि गुणासारख्यांच्या हातचं काम जातं. मग रिकाम्या हाताच्या दोस्तांना गोळा करून तो फड उभा करायच्या मागं लागतो. सोबतीला पांडोबा (किशोर कदम), म्हणजे चार ठिकाणच्या ओळखी असलेला, चार दारं ठोठावणारा माणूस. नाचणारी मिळते, नैना (सोनाली कुलकर्णी). पण अट पडते की फडात नाच्या पाहिजे. नाच्या व्हायला कुणीच तयार होत नाही. ज्याला राजाची भूमिका करायची होती, त्या गुणालाच शेवटी कमरेत लचकायला शिकावं लागतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. फड चालतो, नाव होतं. गावाकडं मात्र बायको दारकी (विभावरी देशपांडे), बाप, पोरगं यांना मान वर करता येत नाही. राजकारणातल्या दोन गटांच्या भांडणात फड सापडतो, गुणावर अत्याचार होतो, घर तुटतं. आणि तरी तो उभा राहतो. ५७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

गुणासाठी आपल्याकडं एक चांगला शब्द आहे, खटपट्या. खिशात दमडी नसताना ओळखीवर, उधारीवर, गोड बोलून, प्रसंगी स्वतःची मान झुकवून गोष्ट जमवून आणणारा. माधवनगरसारख्या गिरणी आणि यंत्रमागांवर पोट भरलेल्या गावात हा माणूस वेगळा ओळखून द्यावा लागत नाही. काम बंद पडलं की हात रिकामे होतात, आणि रिकाम्या हाताला काहीतरी मोठं करून दाखवायची खाज सुटते. ‘नटरंग’ची सुरुवात इथं पटते. स्वप्न आकाशातून पडत नाही, मोटार बसल्यावर सुरू होतं.

आधी, जमलंय काय

टीका म्हणजे चुका काढणं, असा समज घेऊन पुष्कळ मुलं येतात. आधी चांगलं नेमकं सांगता आलं पाहिजे. ‘अतुल कुलकर्णींचा अभिनय अप्रतिम’ या वाक्यानं वाचकाला काहीच मिळत नाही. काय अप्रतिम, हे दाखवा.

माझ्या मते ‘नटरंग’ची सगळ्यात मोठी गोष्ट ही की तो नाच्याला काम मानतो. गुणा नाच्या ‘असतो’ असं तो म्हणत नाही, गुणा नाच्या ‘शिकतो’ असं दाखवतो. कुस्तीनं कमावलेलं अंग आधी उतरवावं लागतं. मग चाल, मनगट, नजर, कंबर. कुलकर्णींनी स्वतःच्या शरीरावर केलेला बदल जाहिरातीचा विषय झाला, पण चित्रपटात त्याचा अर्थ निराळा आहे. आखाड्यात अंग कमवायला जेवढी मेहनत लागते, तेवढीच ते विसरायलाही लागते. समोर बसलेला प्रेक्षक ज्याला हसतो, त्यामागं तालीम आहे. हे मराठी पडद्यावर एवढ्या ठामपणे आधी क्वचितच सांगितलं गेलं.

आता लगेच दुसरी बाजू. चित्रपट एवढं धाडस करतो आणि मग आपल्याला पुन्हा पुन्हा धीरही देतो की घाबरू नका, आतून हा ‘पुरुष’च आहे. बायको आहे, पोरगं आहे, नैना त्याच्यावर जीव टाकते. गुणाचं दुःख एवढंच राहतं की लोक त्याला चुकीचं ओळखतात. पण ज्याला लोक बरोबर ओळखतात आणि तरी छळतात, त्याचं काय? त्याला या गोष्टीत जागा नाही. ‘नटरंग’च्या काहीच महिने आधी, २००९ मध्ये, राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ आला होता. तिथंही पुरुषाच्या अंगावर साडी आहे, तिथंही संगीत अजय-अतुल यांचं आहे. पण गुणा साडी कलेसाठी नेसतो, आणि ‘जोगवा’तल्या जोगत्यावर ती देवीच्या नावानं लादली जाते. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघा. एकात निवड आहे, दुसऱ्यात नाही, आणि प्रेक्षकाची सहानुभूती प्रत्येक ठिकाणी कशी कमावली जाते ते लिहून काढा. एवढ्यावर एक चांगला सेमिनार पेपर होईल.

दोन रकान्यांची वही

आता पद्धतीकडं येऊ. दुसऱ्यांदा बघताना मी एक साधी गोष्ट करायला सांगते: वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं ‘गुणानं काय गमावलं’, उजवीकडं ‘बाकीच्यांनी काय गमावलं’. प्रसंग येईल तसं टिपत जा.

डावा रकाना भराभर भरतो. अंग, इभ्रत, घर, देहाची सुरक्षितता. प्रत्येक नोंदीला चित्रपट भरपूर वेळ देतो. क्लोजअप आहे, पाऊस आहे, ‘खेळ मांडला’सारखं अंगावर येणारं गाणं आहे. उजवा रकानाही रिकामा राहत नाही, आणि हे दिग्दर्शकाच्या प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. गुणा फडाबरोबर गावोगाव फिरतो तेव्हा घर, पोरगं, म्हातारा हे सगळं दारकीच्या माथी. गावच्या टोमण्यांना रोज तोंड तिनं द्यायचं. फडातले दोस्त त्याच्याइतकेच बेकार, त्यांचंही पोट याच खेळावर. नैना तर पहिल्या दिवसापासून कमावणारी, तिच्याशिवाय फडाला तिकीट नाही. पण या नोंदींना वेळ किती मिळतो? त्यांच्यासाठी गाणं थांबतं का? दारकी जेव्हा चिडते, तेव्हा कॅमेरा तिच्या बाजूनं बघतो की गुणाच्या?

मला दिसतं ते असं: उजव्या रकान्यातली प्रत्येक नोंद शेवटी डाव्या रकान्यात जमा होते. दारकीचं तुटणं म्हणजे गुणाचं आणखी एक दुःख. नैनाचं प्रेम म्हणजे गुणाची आणखी एक परीक्षा. खर्च बऱ्याच जणांचा होतो, पण तो ‘त्याग’ म्हणून एकाच्याच नावावर लागतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २००५ चा क्रेग ब्रूअर यांचा ‘हसल अँड फ्लो’ हा अमेरिकन चित्रपट मिळाला तर बघा. मेम्फिसमधला डीजे नावाचा एक दलाल, ज्याला रॅप गाऊन मोठं व्हायचंय. घरातल्या खोलीतच तो स्टुडिओ उभा करतो. चांगला माइक हवा, पैसे नाहीत. मग तो आपल्यासाठी धंदा करणाऱ्या नोलाला दुकानदाराकडं पाठवतो आणि माइक मिळवतो. नोलाचा राग चित्रपटात आहे, तो लपवलेला नाही. तरी शेवटी प्रेक्षक कुणाच्या बाजूनं उभा राहतो? डीजेच्याच. त्यातल्या गाण्याला ऑस्कर मिळालं. गुणा दलाल नाही, दोघांची नीतिमत्ता एका तराजूत तोलायची नाही. सारखं आहे ते गोष्टीचं यंत्र: खटपट्या पुरुषाचं स्वप्न, बाईच्या मेहनतीवर किंवा देहावर उभं, आणि टाळी पुरुषाला.

तुलना करताना ही काळजी घ्या. ‘दोन्ही सारखे आहेत’ हे अर्धं वाक्य आहे. नेमकं कशात सारखे आणि कुठं फारकत घेतात, हे सांगितलं की ते पूर्ण होतं.

नायक नेहमी बाहेरून का येतो?

आता चित्रपटाबाहेर पडू. माधवनगरहून तासगाव रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर कवलापूर. काळू-बाळू यांचं गाव. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, ‘जहरी प्याला’ या वगात दोन हवालदारांची कामं करायचे. त्या पात्रांची नावं त्यांना एवढी चिकटली की खरी नावं मागं पडली. त्यांच्या घरात तमाशा आधीपासूनच होता. फड हा त्यांचा वारसा, आणि धंदाही. त्यांच्यासाठी तमाशात जाणं ही बंडखोरी नव्हती, ते घरचंच काम होतं.

याच जिल्ह्यात वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष आहे. तिथं १८६६ मध्ये जन्मलेले श्रीधर कुलकर्णी पुढं पठ्ठे बापूराव झाले. ब्राह्मण घरातला मुलगा लावणीच्या नादानं तमाशात गेला, पवळाबाईंबरोबर त्याचा फड गाजला, आणि १९४५ मध्ये हलाखीत मरण आलं. बापूरावांची गोष्ट सांगताना आपण कायम म्हणतो, ‘त्यांनी तमाशासाठी जात सोडली, घर सोडलं.’ पवळाबाईंबद्दल असं कुणी म्हणतं का? त्या महार समाजातल्या. त्यांच्याकडं सोडायला वतन नव्हतं, म्हणून त्यांच्या आयुष्याला ‘त्याग’ हा शब्द लागत नाही. त्यांच्याविना बापूरावांचा फड मात्र उभा राहिला नसता.

आता चित्रपटांची रांग लावा. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७): पेशवाईतला सोलापूरचा ब्राह्मण तमाशात शिरतो. ‘पिंजरा’ (१९७२): तमाशाच्या विरोधात उभा असलेला मास्तर (श्रीराम लागू) तमाशात ओढला जातो आणि संपतो. ‘नटरंग’ (२०१०): रोजंदारी करणारा गडी तमाशात शिरतो आणि मोठा होतो. ‘पिंजरा’त तमाशा म्हणजे घसरण, ‘नटरंग’मध्ये तमाशा म्हणजे चढण. दिशा उलटी, पण एक गोष्ट तिन्हीत कायम आहे. नायक बाहेरून येतो. कारण बाहेरून येणाऱ्यालाच तमाशा हे ‘स्वप्न’ किंवा ‘पाप’ वाटू शकतं. जो तिथंच जन्मला, त्याला ते फक्त काम असतं, आणि कामाची गोष्ट पडद्याला फारशी आकर्षक वाटत नाही.

हा माझा दावा. आता तो मोडून बघू, कारण आपणच मोडला नाही तर व्हायव्हाला परीक्षक मोडतील. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) घ्या. तिथं केंद्रस्थानी तमाशातली बाई आहे, आणि गावच्या पाटलाचा अन्याय ती वगातूनच चव्हाट्यावर आणते. हंसा वाडकरांनी पुढं आत्मचरित्रालाही हेच नाव दिलं. म्हणजे माझं ‘नेहमी’ टिकत नाही. मग दावा असा लिहायचा: ‘तमाशातला नायक पुरुष असेल तर तो बहुधा बाहेरून येतो, आणि आत जन्मलेली माणसं बहुधा त्याच्या प्रवासाचं साधन होतात.’ हे वाक्य आधीच्यापेक्षा लहान आहे, पण ते तपासता येतं. दावा आवळला की मजबूत होतो.

हे साधन कोणत्या काळाचं?

एका मुलानं मला विचारलं होतं, ‘मॅडम, सत्तरच्या दशकातल्या तमाशाची स्थिती सांगायला नटरंगचा आधार दिला तर चालेल का?’ प्रश्न चांगला आहे. उत्तर: नाही, निदान थेट नाही.

‘नटरंग’मध्ये तीन काळ एकमेकांवर चढलेत. गोष्टीचा काळ १९७० चं दशक. कादंबरी लिहिणाऱ्या यादवांचा काळ, म्हणजे ग्रामीण साहित्याची चळवळ जोरात असण्याचा. आणि चित्रपटाचा काळ, २०१०. तुम्ही पडद्यावर बघताय ते मुख्यतः २०१० मधल्या माणसांना तमाशा कसा आठवावासा वाटला, ते.

पुरावा पाहिजे? ऐका. गुणाचा फड नवशिक्यांचा, पण गाणी स्टुडिओत घोटलेली, भरघोस वाद्यमेळाची. ‘अप्सरा आली’ आणि ‘वाजले की बारा’ कनातीतल्या आवाजात नाहीत, मल्टिप्लेक्सच्या स्पीकरसाठी बांधलेत. हा दोष म्हणून मी सांगत नाही, त्या गाण्यांनीच चित्रपट घराघरांत नेला. पण त्यामुळं झालं काय? शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मांडवात मुली नऊवारी नेसून त्या गाण्यांवर नाचू लागल्या आणि आई-बाप कौतुकानं व्हिडिओ काढू लागले. लावणी प्रतिष्ठित झाली. लावणीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्या बायका त्यामुळं प्रतिष्ठित झाल्या का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि संशोधनाचा खरा प्रश्न तोच आहे. शर्मिला रेगे यांनी लावणी-पोवाड्यावरच्या २००२ च्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तल्या लेखात लोकप्रिय संस्कृतीकडं जात आणि लिंगभाव यांच्या अंगानं कसं बघायचं ते दाखवलंय. शैलजा पाईक यांचं २०२२ चं तमाशावरचं इंग्रजी पुस्तक ‘अश्लील’ हा शिक्का कुणावर, कसा बसतो याचा माग काढतं. हे दोन्ही वाचल्याशिवाय सिनॉप्सिस लिहू नका.

खऱ्या फडाचं अर्थकारण समजून घ्यायचं असेल तर कागदं आणि माणसं, दोन्हीकडं जावं लागेल. हंगामाआधी कलाकारांना दिलेली उचल, त्यासाठी फडमालकानं काढलेलं कर्ज, गावजत्रांच्या सुपाऱ्या, पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या टाकून होणारी ठरवाठरवी. सरकारी बाजूही बघा. स्वातंत्र्याच्या सुमारास खेर सरकारनं तमाशावर बंदी घातली, मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती आली. ‘सुधारणा’ कुणाची करायची होती, हा प्रश्न ‘नटरंग’च्या गुणालाही लागू पडतो.

आणि कादंबरी? ती स्वतः वाचा, विशेषतः शेवट, आणि पडद्यावरच्या शेवटाशेजारी ठेवा. रूपांतराचा अभ्यास ‘काय बदललं’ इथं सुरू होतो, पण खरा प्रश्न ‘ते बदलायची गरज कुणाला, का पडली’ हा असतो.

सोहळा आणि ऋणनिर्देश

चित्रपटाच्या शेवटाकडं पुरस्काराचा सोहळा आहे. एवढं सोसलेल्या माणसाचा जाहीर गौरव. डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही आलं. पण वहीचे दोन रकाने समोर ठेवून तो प्रसंग बघितला की तो हिशेब मिटवण्याचा प्रसंग वाटतो. डाव्या रकान्यातलं सगळं व्याजासकट परत मिळालं. उजव्या रकान्यावर रेघ मारली गेली. दारकीला कुणी व्यासपीठावर बोलावलं नाही.

हे वाचणारे तुम्हीही एका अर्थानं खटपटे आहात, मीही आहे. फेलोशिप वेळेवर येत नाही, सीएचबीवर तास घ्यायचे, बसच्या पासवर लायब्ररी गाठायची, गाइडची मर्जी सांभाळायची, आणि डोक्यात एकच, नावापुढं ‘डॉ.’ लागलं पाहिजे. या खटपटीचा खर्च फक्त आपणच करत नाही. कुणाच्या बहिणीचं शिक्षण बारावीला थांबलेलं असतं, कुणाची बायको नोकरी करून घर ओढते, कुणाच्या बापानं गुंठा-दोन गुंठे काढलेले असतात. प्रबंध तयार झाला की पहिल्या पानांत ऋणनिर्देश असतो: ‘माझ्या कुटुंबीयांच्या सहकार्याशिवाय…’ एक परिच्छेद, ठरलेली वाक्यं. गुणाच्या सोहळ्यापेक्षा तो फार वेगळा नाही.

मी ऋणनिर्देश लिहू नका असं म्हणत नाही. म्हणणं एवढंच आहे की ज्या प्रश्नानं आपण ‘नटरंग’ बघितला, त्याच प्रश्नानं आपलं काम बघा. मुलाखती देणाऱ्या बाईचा वेळ गेला, तिची रोजंदारी बुडली, ते कुठं नोंदवलंय? तिच्या आयुष्याची माहिती तुमच्या डाव्या रकान्यात जमा झाली, तिच्या उजव्या रकान्यात काय पडलं? फील्डवर्कची नीती नावाचं प्रकरण लिहायची वेळ येईल तेव्हा हे आठवा.

‘नटरंग’ मला आजही आवडतो. आवडतो म्हणूनच त्याला एवढे प्रश्न विचारावेसे वाटतात. साध्या चित्रपटाला दोन रकाने लागत नाहीत, तो एकाच रकान्यात संपतो.

आता तुमचा गृहपाठ. ‘नटरंग’, ‘जोगवा’, ‘सांगत्ये ऐका’ यांतला कोणताही एक घ्या. दोन रकान्यांची नोंद करा. मग एका वाक्यात दावा लिहा, आणि त्याखाली तो दावा खोटा ठरवणारं एक उदाहरण स्वतःच शोधून लिहा. दोन्ही लिहिता आलं, तर विषय मिळाला असं समजा. शीर्षक नंतर सुचेल.